नाक्सोसच्या किनाऱ्यावर जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसला निघालेल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला की आधी तिकिटं, मग हॉटेल आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, "तिथे जेवायचं काय?" असा क्रम ठरलेला. आम्ही दोनदा नाक्सोस या ग्रीक बेटावर गेलो. पहिल्यांदा दोघंच, दुसऱ्यांदा मुलं आणि सासूबाईंसकट. सासूबाई पक्क्या शाकाहारी आहेत, त्या कांदा-लसूण खातात पण अंडंही खात नाहीत. दोन्ही वेळा दिवसातलं मोठं जेवण वाळूवर टेबलं मांडलेल्या साध्या ताव्हेर्नातच झालं. त्यावर आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे आहेत.

सांतोरिनी सोडून नाक्सोस का?

सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर सांतोरिनीलाच जा. जेवायचं असेल तर नाक्सोस. सिक्लाडिस बेटांमधलं हे सगळ्यात मोठं बेट आहे आणि इथे शेती होते, गाईगुरं आहेत, डोंगरात बकऱ्या आहेत. त्यामुळे ताटातला बराच माल बेटावरचाच असतो. इथल्या बटाट्याला आणि 'ग्राव्हिएरा' नावाच्या चीजला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या रत्नागिरी हापूसला आहे तसं. बटाट्याला मानांकन कशाला, असं मलाही वाटलं होतं. मग आगिया आन्नाच्या किनाऱ्यावर हाताने कापलेल्या, ऑलिव्ह तेलात तळलेल्या जाड फोडी समोर आल्या. मुलांनी त्यानंतर आठ दिवस दुसरं काही मागितलं नाही.

तिथे पोहोचायचं कसं?

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठी फेरी साधारण पाच-साडेपाच तासांत नाक्सोसला लावते. वेगवान बोटी लवकर पोहोचतात, पण महाग असतात आणि वारा असला की पोट ढवळतं. अथेन्सहून छोटं विमानही आहे. बोट बंदरात शिरताना डाव्या हाताला संगमरवराची भलीमोठी चौकट एकटीच उभी दिसते. ती पोर्तारा, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बांधायला घेतलेल्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या अपोलोच्या देवळाचं दार.

बंदरालाच बसथांबा आहे. तिथून आगिओस प्रोकोपिओस, आगिया आन्ना आणि प्लाका हे किनारे एकापुढे एक लागतात. लहान मुलं असतील तर बंदराच्या गावालाच लागून असलेला आगिओस गेओर्गिओस बरा. पाणी लांबपर्यंत उथळ आहे आणि चालत जाता येतं.

ताव्हेर्ना, प्सिस्तारिया आणि बीच बार यांत फरक काय?

ताव्हेर्ना म्हणजे घरगुती खाणावळ. बहुतेक वेळा एकाच कुटुंबाची: मुलगा टेबलांवर, वडील निखाऱ्यांवर, आई आत. प्सिस्तारिया म्हणजे जिथे मुख्य काम कोळशाच्या शेगडीचं, मांस भाजण्याचं. बीच बारमध्ये संगीत मोठं, खुर्च्या मऊ, सँडविच बेताचं. किनाऱ्यावरच्या जागा अनेकदा या तिन्हींचं मिश्रण असतात: सकाळी कॉफी, दुपारी पोह्याएवढ्या सहजतेने खपणारं सुव्हलाकी (सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे), रात्री मासे.

माझा नियम साधा आहे. कागदी टेबलक्लॉथ, त्याला वाऱ्याने उडू नये म्हणून लावलेलं रबर किंवा चिमटे, आणि शेजारच्या टेबलावर मोठ्याने बोलणारं ग्रीक कुटुंब दिसलं की बसायचं. प्रत्येक पदार्थाचा रंगीत फोटो असलेला फलक दिसला की पुढे चालायचं.

कोणत्या महिन्यात जावं? आणि किती वाजता?

मे अखेर ते जून किंवा सप्टेंबर. किनाऱ्यावरची बरीचशी दुकानं ऑक्टोबरनंतर बंद होतात ती थेट वसंतात उघडतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा बेत तारीख बघून करा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि 'मेल्तेमी' असतो.

वेळेचं म्हणाल तर आपली साडेबाराची भूक तिथे कुणालाच नसते. दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊनंतर. साडेसातला गेलात तर तुम्ही आणि मांजरं, एवढेच असाल. लहान मुलं बरोबर असतील तर ही वेळ उलट सोयीची आहे, कारण आचाऱ्याला निवांतपणा असतो.

हा मेल्तेमी म्हणजे काय प्रकार आहे?

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहणारा कोरडा वारा. आभाळ निळंशार असतं, ढगाचा पत्ता नसतो आणि तरी टोपी उडून जाते. आपल्याकडे वारा सुटला की पाऊस मागून येणार हे रक्तात भिनलेलं असतं, त्यामुळे आम्ही पहिल्या दिवशी उगाचच सामान गोळा केलं होतं. मेल्तेमी काही दिवस सलग वाहतो. कधी फेऱ्याही रद्द होतात, म्हणून परतीचं विमान आणि बेटावरून निघायचा दिवस यांत एक दिवस मोकळा ठेवा.

खुर्च्या-छत्र्यांचे पैसे द्यावेच लागतात का?

बसलात तर हो. पण वाळू कुणाच्या मालकीची नाही, ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक आहे. तरी खुर्च्या पाण्यापर्यंत सरकत गेल्या आणि २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावरचे लोक टॉवेल घेऊन किनाऱ्यावर निषेधाला उतरले. ते लोण नाक्सोसलाही आलं. २०२४ मध्ये नवा कायदा झाला. खुर्च्या पाण्यापासून किमान चार मीटर मागे हव्यात आणि निम्मा किनारा मोकळा हवा. तक्रारीसाठी सरकारने 'मायकोस्ट' नावाचं ॲप काढलं. तेव्हा चटई घेऊन जा, मोकळ्या जागी पसरा आणि जेवायला टेबलावर या. काही ताव्हेर्ना जेवणाऱ्यांकडून खुर्चीचे पैसे घेत नाहीत, हे बसण्याआधी विचारायचं.

मेनू चार पानांचा असतो. सुरुवात कुठून करायची?

दोन शब्द लक्षात ठेवा, बाकी आपोआप उलगडतं. 'मायिरेफ्ता' म्हणजे सकाळी पातेल्यात-भट्टीत शिजवून ठेवलेले पदार्थ, आणि 'तिस ओरास' म्हणजे मागवल्यावर ऐनवेळी निखाऱ्यावर पडणारे. मायिरेफ्ता संपले की संपले. कोमट वाढतात, आणि ते तसेच खायचे असतात. गरम करून द्या म्हटलं की आतल्या बाई दुखावतात. भाज्या आणि कडधान्यं याच गटात येतात, म्हणून शाकाहारी माणसाने दुपारीच मोठं जेवण करावं. रात्रीपर्यंत पातेली रिकामी झालेली असतात.

मेनूत असलेला प्रत्येक पदार्थ स्वयंपाकघरात असतोच असं नाही. आपल्याकडच्यासारखंच. "आज काय आहे?" हा प्रश्न मेनूपेक्षा जास्त कामाचा. काही ठिकाणी तर सरळ आत बोलावून पातेल्यांची झाकणं उघडून दाखवतात. सासूबाईंना हे फार आवडलं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायची संधी त्या सोडत नाहीत.

शाकाहारी माणसाचं पोट भरेल का?

भरेल, आणि माझं मत असं की मासे खाणाऱ्यापेक्षा त्याचं जास्त चांगलं भरेल, तेही निम्म्या पैशांत. ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत वर्षातले बरेच दिवस उपासाचे असतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे तेलातल्या भाज्यांचं, कडधान्यांचं मोठं घराणंच तयार झालं आहे. हे पदार्थ उपास नसतानाही घरोघरी होतात.

'फाव्हा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "फोडणी विसरले वाटतं." तरी रोज मागवत राहिल्या. 'गिगान्तेस' म्हणजे टोमॅटोत भट्टीवर शिजवलेले मोठे पांढरे घेवडे. 'ब्रियाम' म्हणजे वांगं, बटाटा, भोपळ्याच्या जातीची भाजी आणि टोमॅटो एकत्र भाजलेले. 'होर्ता' म्हणजे उकडलेली पालेभाजी, वर लिंबू आणि तेल. उन्हाळ्यात होर्तासाठी 'व्लिता' मिळते. ती राजगिऱ्याच्या कुळातली, आपल्या तांदळजाची बहीणच. फक्त लसणाची फोडणी तुम्हाला मनात घालावी लागते. 'होरियातिकी' ही गावरान कोशिंबीर तर सगळ्यांना ठाऊक आहे: टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजचा अख्खा तुकडा. ताटात शेवटी जो तेल-टोमॅटोचा रस उरतो तो पावाने पुसून खायचा. असं खाणं तिथे असभ्य समजत नाहीत, उलट न खाल्लंत तर विचारतील.

आता सावधगिरी. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, पण काही ठिकाणी आत खिमाही असतो. खिमा नसलेल्यांना ग्रीक गंमतीने 'ओर्फाना' म्हणतात, म्हणजे अनाथ. द्राक्षाच्या पानांतल्या 'दोल्मादेस'चंही तसंच. भाज्यांचे वडे ('कोलोकिथोकेफ्तेदेस') बांधायला बहुधा अंडं घालतात. तळणाचं तेल माशांचंच असू शकतं, तेव्हा चालत नसेल तर विचारा. आणि सगळ्यात मोठी फसगत: 'निस्तिसिमो', म्हणजे उपासाचं. हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. माकुल, ऑक्टोपस, कोळंबी त्यांच्या उपासाला चालतात. "उपासाचं आहे ना?" असं विचारून ताटात ऑक्टोपस आला तर दोष वाढणाऱ्याचा नाही. 'इमे होर्तोफागोस' म्हणजे मी शाकाहारी आहे. त्यापुढे मांस नको, मासे नको, अंडं नको हे तिन्ही वेगवेगळं सांगायचं.

जैन जेवणाचं मात्र कठीण आहे. कांदा-लसणाशिवाय तिथे पातेलं चढतच नाही. फळं, दही, मध, चीज, पाव यांवर दिवस काढता येतात, पण मनाची तयारी ठेवा.

बीफ किंवा पोर्क खात नसू तर?

शब्द पाठ करा. 'हिरिनो' पोर्क, 'मोस्हारी' बीफ, 'कोतोपुलो' कोंबडी, 'आर्नी' मेंढी, 'कात्सिकी' बोकड. नुसतं सुव्हलाकी किंवा गीरोस (उभ्या सळईवर भाजून कापलेलं मांस) मागितलं तर बहुधा पोर्कचं येतं. मुसाका, पास्तित्सिओ, बिफ्तेकी यांत सहसा बीफचा खिमा किंवा बीफ-पोर्कचं मिश्रण असतं. कोंबडीचं सुव्हलाकी जवळपास सगळीकडे मिळतं. मटणवाल्यांनी 'पाइदाकिया' मागवावं: निखाऱ्यावर भाजलेल्या पातळ बरगड्या, वर ओरेगानो, मीठ, लिंबू. काटा-चमचा बाजूला ठेवून हातानेच खातात. हलाल हवं असेल तर बेटावर त्याची खात्री धरू नका.

मासे खूप महाग असतात असं ऐकलं. खरं का?

ताजे मोठे मासे, हो. ते नगावर नाही, किलोवर विकतात, आणि वजन कच्च्या माशाचं धरतात. पहिल्या सहलीत नवऱ्याने बर्फावरचे लालसर 'बार्बुनिया' दाखवले आणि हातानेच 'दोघांना पुरतील एवढे' अशी खूण केली. दुकानदाराने मनाने उदार अर्थ लावला. एक किलो दोनशे ग्रॅम, किलोला ६५ युरो, म्हणजे ७८ युरो फक्त माशांचे. मेनूवर भाव स्पष्ट लिहिलेला होता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. मालवणी माणूस बाजारात कोळणीशी पापलेटच्या भावावर अर्धा तास घासाघीस करतो आणि परदेशात गेल्यावर विचारायला लाजतो, याचं नवल वाटतं. मासा निवडा, समोर वजन करायला सांगा, रक्कम विचारा, मगच हो म्हणा. त्यांनाही हेच अपेक्षित असतं.

स्वस्तात चांगले हवेत तर छोटे मासे घ्या. 'गाव्रोस' म्हणजे आपल्या मांदेलीच्या भावंडांसारखे, अख्खे तळलेले, शेपटीसकट खायचे. 'सार्देलेस' म्हणजे तारलीच्या जातीतले, निखाऱ्यावरचे. हे थाळीच्या दराने मिळतात. मेनूत नावापुढे चांदणी असेल तर माल गोठवलेला आहे असं समजा. माकुल आणि कोळंबी बऱ्याचदा अशीच असते. चांदणीचा खुलासा मेनूच्या तळाशी असतो.

ऑक्टोपस मात्र चुकवू नका. दोरीवर उन्हात टांगलेला दिसतो. आपल्याकडे बोंबील वाळतात त्याची आठवण येते, पण बोंबील साठवणीसाठी वाळतात आणि हा तासाभरात शेगडीवर जाणार असतो. ऊन-वाऱ्याने अंगातलं पाणी कमी होतं आणि निखाऱ्यावर तो उकडला न जाता नीट भाजतो.

चवीबद्दल आधीच सांगते. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही, रवाही नाही. मीठ, लिंबू, तेल. पहिल्या दिवशी अळणी वाटतं, तिसऱ्या दिवशी माशाची स्वतःची चव लागायला लागते.

तिखट काहीच मिळत नाही?

'तिरोकाफ्तेरी' मागवा, फेटा आणि तिखट मिरचीचं मिश्रण, पावाला लावून खायचं. 'बूकोव्हो' म्हणजे भरड लाल मिरची, मागितली तर बरेच जण आतून आणून देतात. लसणीच्या चटणीची डबी आमच्याही पर्समध्ये होती. एका ताव्हेर्नातल्या आजींनी ती हुंगली, चिमूटभर चाखली आणि डोळ्यांत पाणी आल्यावरही आणखी एक चिमूट घेतली.

चहा मिळतो का?

पिशवीचा. त्यापेक्षा कॉफी घ्या. थंड फेसाळ 'फ्रापे' १९५७ मध्ये थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय मेळ्यात जन्मली. नेसकॅफेच्या एका कर्मचाऱ्याला गरम पाणी मिळेना, म्हणून त्याने पावडर थंड पाण्यात घालून घुसळली. आता तरुण मंडळी 'फ्रेदो एस्प्रेसो' पितात. साखरेचं आधीच सांगायचं: 'स्केतो' बिनसाखरेची, 'मेत्रिओ' मध्यम, 'ग्लिको' गोड. ग्रीक कॉफीच्या छोट्या कपात तळाशी गाळ असतो, तो ढवळायचा नाही आणि प्यायचाही नाही. एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही.

दारूचं काय?

घरची वाइन सुटी मिळते आणि गंमत म्हणजे ती किलोने मागतात. 'मिसो किलो' म्हणजे अर्धा किलो, जगमधून येते. ऊझो पाणी घातलं की दुधासारखी पांढरी होते, कारण तिच्यातलं अनिसचं तेल दारूत विरघळतं पण पाण्यात नाही. वास बडीशेपेच्या जवळचा. ती जेवणानंतर नाही, छोट्या खाण्याबरोबर, हळूहळू.

नाक्सोसची स्वतःची म्हणजे 'कित्रो'. महाळुंगाच्या पानांपासून ऊर्ध्वपातन करून काढतात. हो, तेच महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं. हिरवी सगळ्यात गोड आणि सौम्य, पिवळी सगळ्यात कडक, पांढरी मधली. डोंगरातल्या हाल्की गावात १८९६ पासूनची भट्टी आहे, ती बघता येते. बेटावरून आणण्यासारखी एकच वस्तू विचाराल तर हीच बाटली.

भाषेची अडचण येते का?

इंग्रजीवर भागतं. पण तीन ठिकाणी मराठी माणूस हमखास गोंधळतो. 'ने' म्हणजे हो. वेटर थाळी उचलताना "ने, ने" म्हणाला तर तो 'घेऊन जा' म्हणत नाही, आणि 'नाही'ही म्हणत नाही. नाहीला 'ओही'. दुसरं, मान किंवा नुसत्या भुवया वर करून जिभेने 'च्च' केलं की नकार. हे मात्र आपल्यालाच लगेच कळतं, इंग्रज बिचारे विचारत राहतात. तिसरं महत्त्वाचं: पाच सुव्हलाकी हवेत म्हणून पंजा फाकवून वेटरच्या तोंडासमोर धरू नका. ती 'मुंझा', जुनी आणि सणसणीत शिवी आहे. पर्यटक म्हणून माफ करतात, तरी 'पेंदे' म्हणा, पाच.

टेबलाखालच्या मांजरांचं काय करायचं?

काही नाही. ती तिथलीच. खायला घातलंत तर पुढच्या वेळी आठ येतील. मुलांनी नावं ठेवली होती, चौथ्या दिवसापर्यंत नावं संपली.

स्वच्छतागृहं कशी असतात?

स्वच्छ असतात. कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण सांडपाण्याचे पाइप अरुंद आहेत. पाण्याची छोटी बाटली बरोबर ठेवा, का ते सांगायला नको. पिण्याचं पाणी मात्र बाटलीचंच मागवा.

बिल आणि टिप?

न मागता पाव येतो आणि माणशी थोडे पैसे लागतात. नको असेल तर आल्या आल्या परत करा. बिल तुम्ही मागेपर्यंत कुणी आणत नाही. आम्ही पहिल्या दिवशी 'आता आणतील, मग आणतील' करत पाऊण तास ताटकळलो आणि रागावलो. त्यांच्या लेखी जेवणाऱ्याला बिल आणून देणं म्हणजे 'उठा आता' म्हणणं. 'तो लोगारियास्मो, पाराकालो' म्हटलं की येतं. त्याच्याबरोबर कलिंगडाच्या फोडी, शिऱ्यासारखा रव्याचा हलवा किंवा दारूचे छोटे पेले येतात. हे 'केरास्मा', घरच्यांकडून. नाही म्हणू नका. दारू पीत नसाल तर तसं सांगा, गोड येईल.

कार्ड सगळीकडे चालतं. पावती घ्याच. पावती दिली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही, हे मेनूवरच छापलेलं असतं. टिप सक्तीची नाही. वरचे सुटे किंवा पाच-दहा टक्के रोख ठेवतात. आणि एक गंमत: युरो २००२ मध्ये हातात येण्याआधी इथे द्राख्मा चालत असे. संस्कृतातला 'द्रम्म' त्याच घराण्यातला आणि आपला 'दाम' त्याचाच नातू. तेव्हा दाम मोजताना परकं वाटायचं कारण नाही.

रात्री शेवटची बस चुकली तर?

आगिया आन्नाहून आगिओस प्रोकोपिओसपर्यंत चालत वीसेक मिनिटं लागतात, चांदणं असेल तर चालाच. गावात जायचं असेल तर टॅक्सी थोड्या आहेत, रस्त्यावर हात करून मिळत नाहीत. जिथे जेवलात तिथल्याच बाईंना सांगा, त्या फोन करून बोलावतात आणि ती येईपर्यंत आणखी कलिंगड कापतात.